समोरची कडी

“शालन, झाकण उचलायचं हाय,” तातूमामा म्हणाले.

“आत्ताच ठेवलंय की मामा.”

“व्हय. पुन्यांदा उचलू.”

त्यांच्या काखेत हिरव्या इरकली लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. मामांना ते काखेत धरवत नव्हतं आणि खाली ठेवायचंही नव्हतं. तेवढ्यावरून मला कळलं काय आहे ते. मी हातातली नमुन्याची चकती उगीच उलटीसुलटी करत राहिले.

दसऱ्याचा दुसरा दिवस. सकाळचे साडेसात. बाहेर अजून झेंडूच्या माळा ताज्या होत्या, लेथवरचं हळदकुंकू पुसलेलं नव्हतं. आमचा कारखाना नळाच्या तोट्यांचा. कोल्हापूरकडे हायवेलगत अशा वसाहती बऱ्याच आहेत, त्यातलीच एक. थोरले मालक होते तेव्हापासून आमच्याकडे एक रीत होती. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, दसऱ्याला सुट्टी, आणि दुसऱ्या दिवशी भट्टीतली पहिली मूस, म्हणजे पितळ वितळवायचं भांडं, तापली की जो तो घरून आणलेलं जुनं पितळ तिच्यात टाकायचा. कुणी फुटकी घंटी, कुणी तुटकं निरांजन, कुणी नुसता एखादा चमचा. आपल्या घरचं काहीतरी कारखान्याच्या मालात गेलं की वर्ष बरं जातं म्हणायचे. मी पहिल्या वर्षी आईच्या डब्याची कडी टाकली होती. वर्ष कसं गेलं ते आता आठवत नाही, पण टाकताना बरं वाटलं होतं.

त्या वर्षी मात्र भट्ट्या दोन झाल्या होत्या.

जुनी होती तीच होती. तिच्यात नेहमीचं पितळ. त्यात थोडं शिसं असतंच. शिसं असलं की पितळ लेथवर मऊ चालतं आणि चूर रव्यासारखा भुरभुर पडतो. नवीन भट्टी बिनशिशाच्या पितळाची. ती धाकट्या मालकांनी, म्हणजे सन्मतीसाहेबांनी, मांडली. एका संस्थेला तालुक्यातल्या बालवाड्यांना प्यायच्या पाण्याचे नळ बसवून द्यायचे होते आणि त्यांनी अटच घातली होती: तोटीत शिसं नको. साहेबांनी नव्या भट्टीभोवती जाळी मारली, दाराला कुलूप लावलं, पळ्या, सांडश्या, पिंपं सगळ्यांना हिरवा रंग दिला. आणि किल्ली माझ्या गळ्यात घातली.

सातवी शिकलेल्या बाईच्या गळ्यात. मी साफसफाईला लागले होते, मग साच्यांना वाळू चाळायला, मग लेथवर. वाचायला मला आवडायचं. साहेबांनी पुण्याहून आणलेली माहितीची पानं मी घरी नेऊन, समजत नव्हतं ते शेजारच्या कॉलेजातल्या पोरीला विचारून, वाचून काढली. साहेबांनी विचारलेल्या प्रश्नांना मी उत्तरं दिली, तीस वर्षं मूस ओतणाऱ्या तातूमामांनी दिली नाहीत. मामा म्हणाले होते, “मी पितळाला विचारतो, कागदाला न्हाई.” झालं. वितळवायचं मामांनी, पण जाळीच्या आत कारभार शालनचा.

वाईट वाटलं नाही असं मामांनी दाखवलं. मला अभिमान वाटला नाही असं मी दाखवलं.

“मामा, हिरव्या भट्टीत काही टाकायचं नाही यंदा. साहेबांनी परवा सगळ्यांना उभं करून सांगितलंय. आपापलं त्या भट्टीत टाका म्हणालेत.”

“त्या भट्टीचं कशात जातंय?”

“शेतीपंपाच्या वॉल्व्हमध्ये.”

“आणि ह्या भट्टीचं?”

ह्या भट्टीचं कुठं जातं ते दोघांनाही माहीत होतं.

मामांनी लुगडं सोडलं. आत समईची बैठक होती. दांडा गेलेला, वरची वाटी गेलेली, नुसती खालची बैठक. पाच-सहा किलो सहज. जुनं भरीव ओतकाम, कडेला वेलबुट्टी, तेलानं काळं झालेलं. उन्हाळ्यात गौरामामी गेल्या होत्या, तातूमामांच्या मंडळी. गावातल्या बालवाडीत त्या अठ्ठावीस वर्षं मदतनीस होत्या. मदतनीस म्हणजे पोरांची नाकं पुसणं, खिचडी शिजवणं आणि पाणी पाजणं. माझ्या थोरल्याला पाणी त्यांनीच पाजलंय. पोरगं एका हातानं पेला धरायचं आणि दुसऱ्या हातानं त्यांचं लुगडं.

“तिची हाय,” मामा म्हणाले. “माहेरची. मोडल्यापासनं पोत्यात होती. म्हटलं, पोरांस्नी पाणी पाजून पाजून गेली, आता तोटीत तरी ऱ्हाऊ दे.”

“मामा, जुन्या ओतकामात शिसं असतंय. किती असंल त्याचा नेम नाही.”

“आगं, जन्मभर पितळंच्या भांड्यातलं पाणी प्यालो आपण. मी मेलो? तू मेलीस?”

“मोठ्यांना कळत नाही मामा. बारक्या पोरांच्या डोक्यावर जातंय ते. रात्रभर तोटीत पाणी थांबलं की त्यात उतरतंय, सकाळी पहिला पेला जो पिईल…”

“कागदातलं सांगू नगंस.”

मी सांगत होते ते कागदातलंच होतं. पण ते मला पटलेलं होतं. मामांना पटलेलं नव्हतं. एवढा फरक लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मामा खाली बसले. लुगड्याची घडी घालायला लागले. घडी नीट बसेना. मामांच्या बोटांवर जळल्याचे पांढरे डाग होते, त्या बोटांना मी कधी काही चुकताना पाहिलं नव्हतं. घडी तिसऱ्यांदा चुकली.

“नमुना घेतलास न्हवं?” ते खाली बघूनच म्हणाले.

“घेतला.”

“मग झालं की. त्यो जाईल पुण्याला तपासाय.”

मी हातातल्या चकतीकडं बघितलं. चकती ओतून, गार करून, तिच्यावर मुशीचा आकडा पंच करून झाला होता. ती अगदी चोख होती. तिच्यानंतर मुशीत काय पडलं ते तिला कुणी विचारणार नव्हतं.

हे सुचलं मामांना, पण कळलं मला. साहेबांची पानं मीच वाचली होती.

“एवढीच टाकायची,” मी म्हणाले. “आणि कुणाला बोलायचं नाही.”

भट्टीचं झाकण म्हणजे आतून विटा लावलेली लोखंडी थाळी, दोन बाजूंना दोन कड्या. एका कडीत मामांची आकडी, समोरच्या कडीत माझी. मामा “हं” म्हणायचे आणि दोघांनी एकदम उचलायचं. एकट्यानं उचलायला गेलं तर ते कलंडून मुशीवर आपटतं. एकदा एकानं तसं केलं होतं, त्याच्या पायावर अजून खूण आहे. मी समोरच्या कडीत आकडी घातली.

“हं,” मामा म्हणाले.

समई लगेच वितळली नाही. कडेची वेलबुट्टी थोडा वेळ लाल होऊन वर दिसत राहिली, मग बुडाली. मामांनी सळईनं ढवळलं. त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणाले ते विचारलं नाही.

चौथ्या दिवशी हसीनानं लेथवरून हाक मारली.

“शाले, इकडं ये! ह्या पितळाला काय झालंय बघ. लोण्यागत कापाय लागलंय!”

हसीना माझ्याबरोबरची. बिनशिशाचं पितळ आल्यापासून ती रोज त्याच्या नावानं बोटं मोडायची. ते चिवट, चूर लांब लांब कुरळा सुटायचा, टूल बोथट व्हायचं, बोटं कापायची. दोन बोटांना पट्ट्या बांधून ती म्हणायची, “हे पितळ न्हाई, सासू हाय.” त्या दिवशी ती गाणं म्हणत होती.

“निम्म्या वेळात खोकं संपलं बघ. तातूमामांनी काय मंतर मारलाय काय?”

मी तिच्या लेथखालचा चूर तळहातावर घेतला. चूर वाचायला मला मामांनीच शिकवलं होतं. मी लेथवर नवीन होते तेव्हा ते जेवणाच्या सुट्टीत तीन-चार मुशींचा चूर कागदावर मांडायचे आणि म्हणायचे, “हं, सांग, कुठल्यात शिसं जास्ती?” मी चुकले की हसायचे, बरोबर आलं की भाकरीतला तुकडा द्यायचे.

तळहातावर कुरळा चूर नव्हता. तुटक, बारका. रव्याइतका नाही, पण त्या वाटेवरचा.

“काय बघाय लागलीस? सोनं हाय काय त्यात?” हसीना म्हणाली.

“काही नाही.”

“मग त्वांड असं का केलंस?”

दुपारी पुण्याचा अहवाल आला. चोख. सन्मतीसाहेब कागद नाचवत बाहेर आले, सगळ्यांना वडापाव मागवला. तीस वर्षांचा मुलगा, वडिलांनी उभा केलेला कारखाना बुडतोय की काय या भीतीनं केस पिकायला लागलेला. “शालनताई, शनिवारी गाडी भरायची. बाराशे तोट्या. सोमवारपासून बालवाड्यांत बसवतील.”

त्या मुशीच्या दोनशे तोट्या बाकी हजारांत मिसळल्या होत्या. एकदा पॉलिश झाली की तोटी तोटीसारखीच दिसते.

गुरुवारी मी गप्प बसले. रात्री जेवले, भांडी घासली. शुक्रवारी कामावर येताना बालवाडीवरून आले. खरं तर तो माझा रस्ता नाही. नवीन नळासाठी ओट्याचं बांधकाम झालं होतं, भिंतीतून तीन पाइप बाहेर आले होते, त्यांना चिंध्यांचे बोळे लावले होते. एक लहान मुलगी त्यातला बोळा काढून आत डोळा लावून बघत होती. मला म्हणाली, “पाणी कवा येनार?”

“येईल की,” मी म्हणाले.

साहेबांच्या केबिनमध्ये जाताना मी मनाशी वाक्य ठरवून गेले होते. ‘साहेब, आमची चूक झाली. मी आणि मामांनी मिळून केली.’ दोनदा म्हणून बघितलं होतं. सोपं होतं. चूर कागदात बांधून घेतला होता.

“साहेब, माल थांबवा.”

त्यांनी मान वर केली. मी पुडी उघडून टेबलावर ठेवली. “चौदा नंबरच्या मुशीचा आहे. शिसं आहे यात.”

“अहो, अहवाल चोख आलाय!”

“नमुना घेतल्यावर टाकलंय.”

“काय टाकलंय?”

“समईची बैठक. जुनी.”

साहेब उभे राहिले. “कुणी?”

इथं माझं वाक्य होतं. तोंडात होतं. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता आणि त्यांची नजर माझ्या गळ्यातल्या किल्लीवर होती. माझ्या नवऱ्यानं त्या किल्लीला घरी देव्हाऱ्याजवळ खिळा ठोकून दिला होता. हे सगळं मी आता सांगतेय. तेव्हा विचार केला असंही नाही. तोंड उघडलं आणि बाहेर आलं:

“मामांनी.”

“आणि तुम्ही कुठं होता?”

“वाळूकडं गेले होते.”

एवढंच. चार शब्द. खोटं बोलायला मला कधी जमत नाही असं माझी आई सगळ्यांना सांगायची.

साहेबांनी मामांना बोलावलं. मी तिथंच उभी. मामा टोपी काढून आत आले. साहेबांनी विचारलं, “तातूमामा, तुम्ही हिरव्या मुशीत समई टाकली? शालनताई बाहेर गेल्या होत्या तेव्हा?”

मामांनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. रागानं नाही. तळहातावर चूर धरून मी उत्तर द्यायला उशीर लावला की बघायचे, तसं.

“व्हय,” ते म्हणाले. “मीच टाकली. ती न्हवती तवा.”

“का हो, मामा? लहान मुलं आहेत ती!”

“चुकलं.” मग टेबलावरची पुडी त्यांना दिसली. त्यांनी चिमूटभर चूर उचलला, बोटांत चोळला. “चुरावरनं वळखलंस?”

मी मान हलवली.

“बराबर वळखलंस,” मामा म्हणाले.

तोट्या पुन्हा तपासायला गेल्या. पाच तपासल्या, त्यातल्या एकीत शिसं भरपूर निघालं. मग बाराशेच्या बाराशे घणानं फोडल्या आणि जुन्या भट्टीत टाकल्या. गौरामामी शेवटी शेतीपंपाच्या वॉल्व्हमध्येच गेल्या. बालवाड्यांचे नळ महिनाभर लांबले. संस्थेचे लोक येऊन गेले. आपला माल स्वतःहून थांबवणारा कारखाना त्यांनी म्हणे प्रथमच पाहिला. पुढची ऑर्डरही आम्हालाच दिली. फक्त त्यांना एका कागदावर लिहून हवं होतं: चूक कुणी केली आणि त्याचं काय केलं.

साहेबांनी मामांना हाकललं नाही. “घरी बसा” म्हणाले. दोन्हींत काय फरक ते मामांनाच ठाऊक.

आणि माझा सत्कार झाला. खोटं नाही सांगत. महिनाअखेरीला सगळ्यांना अंगणात उभं केलं, शाल दिली, नारळ दिला. साहेब बोलले: एका सातवी शिकलेल्या बाईनं प्रयोगशाळेला कळलं नाही ते चुरावरून ओळखलं, आणि स्वतःच्या गुरूची भीड न ठेवता खरं सांगितलं. खरं, हा शब्द त्यांनी तीनदा वापरला. मी मोजला. टाळ्या पडल्या. फोटो निघाला. तो फोटो अजून ऑफिसात आहे. त्यात मी खाली बघतेय. नव्या मुलींना वाटतं, बाई किती साध्या.

मामांचा तो शेवटचा दिवस होता. सामान न्यायला आले होते. अंगणात मागं उभं राहून त्यांनीही टाळ्या वाजवल्या. त्यांच्या टाळीचा आवाज वेगळा यायचा, तळवे जाड पडलेले म्हणून. मला तो सगळ्यांतून ऐकू आला.

फाटकापाशी मी त्यांना गाठलं. हातात नारळ, खांद्यावर शाल. ती काढून टाकायचंही सुचलं नाही.

“मामा, मी…”

“ऱ्हाऊ दे.”

“मी साहेबांना जाऊन सांगते. आत्ता सांगते.”

“आणि पोरांचं नळ? परत चौकशी, परत कागुद? किल्ली कुणाच्या गळ्यात घालंल त्यो? त्याला चूर वाचाय येतोय?” मामा इकडंतिकडं बघून जवळ आले. आवाज खाली आणला. मला वाटलं आता बोलतील. बोलावं असं मला वाटत होतं. एक शिवी दिली असती तरी मी ती जन्मभर जपली असती.

“एक ऱ्हायलंय,” ते म्हणाले. “झाकणाचं.”

“काय?”

“ते एकट्याला उचलत न्हाई. कुणीतरी इचारंल तुला, मामांनी एकट्यानं कसं उचललं म्हणून. तर सांग, पहार घालून सरकवलं. मी सायबास्नी तसंच सांगून ठेवलंय. दोघांचं सांगणं एक ऱ्हाऊ दे.”

आणि ते गेले. पिशवीत डबा, आकडी आणि ती हिरव्या लुगड्याची घडी. अजूनही तिरकीच.

पहारीचं उत्तर मी पाठ करून ठेवलं. रोज सकाळी हिरव्या भट्टीवर जाताना मनात म्हणायचे: पहार घालून सरकवलं. आज कुणीतरी विचारेल. मामांच्या कडीला नवा माणूस आला, त्यालाही प्रश्न पडला नाही. साहेबांना नाही, संस्थेच्या लोकांना नाही. महिने गेले, वर्ष गेलं. मला हळूहळू वाटायला लागलं की निभावलं. हे सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते: मला बरं वाटायला लागलं होतं.

तिसऱ्या वर्षी मामा निपाणीला लेकीकडं वारले. हसीना निरोप घेऊन आली. मी नवीन मुलींना चूर मांडून दाखवत होते. ती थांबली, मुली गेल्यावर म्हणाली, “उद्या मातीला जायचं हाय. दोघी जाऊ. पहिल्या एस्टीनं.”

“मला साहेब सोडतील का बघते. उद्या ओतकाम आहे.”

हसीनानं माझ्याकडं बघितलं. लेथवर बसून बसून तिची नजर बारीक झालीय, केसाएवढा फरक तिला दिसतो.

“तुला यायलाच पायजे शाले,” ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, काहीच नव्हतं. जशी ती रोज बोलते तशीच बोलली. “समोरची कडी तूच धरली हुतीस न्हवं.”

ती परत लेथकडं गेली. कुणी हाक मारली, कुणी हसलं, मशिनं चालूच होती. मी एकेकाकडं बघत गेले. साच्याकडचे दोघं. पॉलिशवरची बाई. काचेआड सन्मतीसाहेब, खाली मान घालून काहीतरी लिहिणारे. अंगणात त्या दिवशी हे सगळेच्या सगळे होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पहारीचं मला कुणीच विचारलं नव्हतं. ते झाकण किती जण उचलतात, हे आमच्याकडं झाडूवाल्यालासुद्धा माहीत होतं.